वाचनगटात समकालीन कविता वाचताना या चुका टाळा

कविता वाचून होते, कुणीतरी विचारतं, "मग, काय अर्थ लागला?" आणि सगळे कागदात डोकं घालतात. चर्चा इथेच अडते. अर्थ सुरुवातीलाच मागितला की माणसं गप्प बसतात, नाहीतर 'एकटेपणा', 'व्यवस्था' असे मोठे शब्द पुढे करतात. त्याऐवजी साधं विचारा: कोण बोलतंय? कुणाशी? कुठला शब्द अडला?

उदाहरणासाठी रचलेल्या या तीन ओळी बघा:

आई गेली
तरी खुंटी
तिच्याच हाताच्या उंचीवर

"मृत्यूची कविता आहे," असं कुणीतरी लगेच म्हणेल. दुसरं कुणी स्वतःच्या आईबद्दल बोलू लागेल आणि वीस मिनिटं जातील. त्यांना मध्येच तोडू नका. कवितेने त्यांना हलवलंय, ही मोठी गोष्ट आहे. ते थांबले की हळूच विचारा, "नेमक्या कुठल्या शब्दाने हे आठवलं?" उत्तर 'खुंटी' आलं की सगळे पुन्हा ओळींकडे वळतात. मग 'गेली' घ्या. वारली, की घर सोडून गेली? बोलणारा आता आईपेक्षा उंच झालाय, की मूल आहे आणि त्याचा हात अजून तिथवर पोचत नाही? ओळी याचा निकाल देत नाहीत. पण प्रत्येक वाचनात घर वेगळं दिसतं, आणि 'तरी'चं वजनही बदलतं. चर्चा रंगते ती इथे.

दुसरी चूक म्हणजे आधी कवीची ओळख करून देणं. पुरस्कार ऐकले की नावडलेली कविताही लोक आवडली म्हणतात. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना नावं झाकून कविता दिल्या आणि त्यांची लेखी मतं गोळा केली. त्यातल्या १३ कवितांवरची मतं त्यांनी १९२९ मध्ये विवेचनासह प्रसिद्ध केली. वाचकांच्या अडचणींत त्यांनी सगळ्यात आधी मांडली ती कवितेचा सरळ अर्थच न लागण्याची. वैयक्तिक आठवणींची आडवाट आणि ठरीव, म्हणजे मनात आधीच तयार असलेले प्रतिसाद त्यानंतर. म्हणून नाव शेवटी सांगा. आणि सांगितल्यावरही कवितेतला 'मी' म्हणजे कवीच, असं धरून चालू नका.

मोबाइलवरून कविता वाचणंही टाळा. अरुंद पडद्यावर लांब ओळ भलतीकडेच तुटते, फॉरवर्ड होताना कडव्यांमधली मोकळी जागा नाहीशी होते. मुक्तछंदात ओळ कुठे मोडली यावर बरंच काही अवलंबून असतं. छापील प्रत द्या, निदान पानाचा फोटो तरी.

कविता दोनदा मोठ्याने वाचा, दोन वेगळ्या आवाजांत. एकाने 'तरी'वर जोर दिला आणि दुसऱ्याने दिला नाही, तर चर्चेचा पहिला प्रश्न आयताच मिळतो. दीड तासाला दोन कविता पुरेत. पाच घेतल्या तर प्रत्येकीला फक्त "छान आहे" मिळतं.

वाचनानंतरची शांतता भरून काढायची घाई नको. लोक त्या वेळात पुन्हा वाचत असतात. एकच जण सतत बोलत असेल तर प्रत्येकाला आधी अडलेला एक शब्द कागदावर लिहायला सांगा आणि तेवढाच वाचून घ्या. अबोल माणसाचाही शब्द मग चर्चेत येतो.

कवी स्वतः गटात बसला असेल तर त्याला शेवटची दहा मिनिटं द्या. तोवर त्याने फक्त ऐकावं, हे बैठकीआधीच त्याच्याशी बोलून ठेवा.