बर्लिन कमी खर्चात कसे पाहावे

बर्लिनला येणारे पाहुणे आधी संग्रहालयांच्या तिकिटांविषयी विचारतात. येथे राहणाऱ्याला त्याची गंमत वाटते, कारण या शहरात खरोखर पाहण्यासारखे जे आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टींना तिकीटच नाही. पाहुण्यांचे पैसे जातात ते शिक्का न मारलेल्या तिकिटापायी, रविवारी बंद असणाऱ्या दुकानांपायी आणि कचऱ्यात टाकलेल्या बाटल्यांपायी. म्हणून तयारी करताना या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

आधी तारखा ठरवाव्यात. फेब्रुवारीतला चित्रपट महोत्सव, मार्चमधला पर्यटन मेळावा आणि सप्टेंबरमधले इलेक्ट्रॉनिक्सचे प्रदर्शन व मॅरेथॉन या काळात खोल्यांचे भाव चढतात. राहण्याची जागा शक्यतो रिंगबानच्या, म्हणजे शहराभोवती गोल फिरणाऱ्या लोकलच्या, आत किंवा तिच्याच एखाद्या स्थानकाजवळ पाहावी. खोलीचे भाडे ठरवताना शहराचा निवासकर त्यात धरला आहे की नाही, हे विचारून घ्यावे. २०२५ पासून तो ७.५ टक्के आहे.

राहण्याची सोय झाली की त्याच बैठकीत राइशस्टागच्या, म्हणजे संसद भवनाच्या, काचेच्या घुमटासाठी नोंदणी करून टाकावी. प्रवेश विनामूल्य आहे. मात्र प्रत्येकाचे नाव आणि जन्मतारीख संसदेच्या संकेतस्थळावर आधी कळवावी लागते आणि येताना पासपोर्ट जवळ असावा लागतो. सोयीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे हे काम बर्लिनला पोहोचल्यावर करू म्हणून ठेवू नये. सूर्यास्ताच्या थोडी आधीची वेळ मिळाली, तर गोल चढणीवरून वर जाईपर्यंत शहरातले दिवे लागायला सुरुवात होते.

आता तिकिटांविषयी, आणि हे नीट वाचावे. शहर प्रवासासाठी ए, बी आणि सी अशा तीन पट्ट्यांत विभागलेले आहे. पाहण्याची बहुतेक ठिकाणे ए आणि बीमध्ये आहेत, पण विमानतळ सीमध्ये आहे. त्यामुळे विमानतळावरून येताना आणि परत जाताना तिन्ही पट्ट्यांचे, सुमारे ५ युरोंचे तिकीट घ्यावे. एरवी ए-बीचे सुमारे ४ युरोंचे तिकीट पुरते. ते दोन तास चालते आणि त्यावर ऊ-बान (मेट्रो), एस-बान (लोकल), बस, ट्राम यांत कितीही वेळा बदल करता येतो, मात्र त्याच तिकिटावर परतीचा प्रवास करता येत नाही. रेल्वेची तीन किंवा बस-ट्रामची सहा स्थानकेच जायचे असेल, तर कमी अंतराचे स्वस्त तिकीट मिळते. दिवसभरात तीन-चार फेऱ्या होणार असतील, तर चोवीस तासांचे तिकीट परवडते. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

येथील स्थानकांवर फाटके नसतात, कोणी अडवत नाही, आणि खरी गफलत तिथेच होते. कागदी तिकिटावर वेळ आधीच छापलेली नसेल, तर गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरच्या लहान खोक्यात ते घालून शिक्का उमटवून घ्यावा लागतो. माझी आत्या आली होती तेव्हा तिने चारही तिकिटे पर्समध्ये घडी घालून जपून ठेवली होती. साध्या कपड्यांतल्या तपासनिसाने मागताच तिने ती मोठ्या विश्वासाने काढून दिली, कोरी करकरीत. बिनशिक्क्याचे तिकीट आणि तिकीट नसणे यांत येथे फरक करत नाहीत. दंड माणशी ६० युरो, म्हणजे सुमारे सहा हजार रुपये. ॲपवर तिकीट घेत असाल तर तेही गाडीत चढण्यापूर्वीच घ्यावे. तपासनीस दिसल्यावर घेतलेले तिकीट चालत नाही.

शहराची ओळख करून घेण्यासाठी पर्यटकांच्या महागड्या बसची गरज नाही. १०० क्रमांकाची साधी दुमजली बस झूलॉजिशर गार्टन स्थानकावरून निघून विजयस्तंभ, संसद भवन आणि उंटर डेन लिंडेन या रस्त्याने आलेक्झांडरप्लाट्झला जाते. निघण्याच्या थांब्यावरच चढले, तर वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळते.

शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करणारी बर्लिनची भिंत पाहायची असेल तर चेकपॉइंट चार्ली या जुन्या सरहद्द-चौकीच्या गर्दीत वेळ घालवू नये. एस-बानने नॉर्डबानहोफला उतरावे आणि बेर्नाउअर श्ट्रासेवरून चालत जावे. सुमारे १.४ किलोमीटर लांबीचे हे स्मारक उघड्यावर आहे आणि त्याला शुल्क नाही. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली तेव्हा या रस्त्यावरच्या पूर्वेकडील घरांच्या दर्शनी भिंती हीच सरहद्द ठरली. घर पूर्वेत आणि दारासमोरचा पदपथ पश्चिमेत. लोकांनी खिडक्यांतून खाली उड्या घेतल्या. जेथे भिंत आता उरलेली नाही, तेथे तिच्या जागी लोखंडी सळ्या उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून आपण सहज पलीकडे जातो. समोरच्या माहिती केंद्राच्या मनोऱ्यावरून राखून ठेवलेला सरहद्दीचा पट्टा दिसतो. हे केंद्र सोमवारी बंद असते.

मराठी वाचकाने अर्धा दिवस शहरातल्या डालेम या भागासाठी राखावा, असे मला वाटते. ऊ ३ ने फ्राये उनिव्हर्सिटेट स्थानकावर उतरून काही मिनिटे चालले की इह्नेश्ट्रासेवरची २२ क्रमांकाची इमारत लागते. आज ती विद्यापीठाची आहे; पूर्वी तेथे मानववंशशास्त्राची संस्था होती आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे यांनी ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली तेथेच पीएच.डी.चे संशोधन केले. कवट्यांच्या मोजमापांतून वंशश्रेष्ठतेला आधार मिळावा ही फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांतून तो मिळाला नाही. पुढे नाझी राजवटीत या संस्थेने जे केले, त्याची नोंद इमारतीवरच्या फलकावर आहे.

सायंकाळ टेंपेलहोफच्या मैदानावर घालवावी. २००८ मध्ये बंद झालेला हा विमानतळ २०१० पासून लोकांना फिरण्यासाठी खुला आहे, आणि येथे इमारती बांधू नयेत असा कौल बर्लिनकरांनी २०१४ मध्ये दिला. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत संघाने केलेल्या पश्चिम बर्लिनच्या नाकेबंदीत जेथे कोळसा आणि पीठ घेऊन विमाने उतरत होती, त्या धावपट्टीवर आता मुले सायकली चालवतात. सूर्यास्तानंतर फाटके बंद होतात, आणि वारा उन्हाळ्यातही बोचरा असतो, याचे भान ठेवावे.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही. नॉयक्योल्नमधल्या सोनेनआलेवर अरबी दुकानांत फलाफल (हरभऱ्याचे वडे) किंवा हलूमीचा (एक प्रकारच्या चीजचा) भरपेट रोल मिळतो. मायबाखऊफरच्या कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की बाजार भरतो. तेथे पालक-चीज भरलेले ग्योझलेमे तव्यावरून थेट हातात देतात, आणि बाजार उठण्याच्या सुमारास विक्रेते उरलेली फळे-भाजी ढिगाने स्वस्तात काढतात. अशा ठिकाणी सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण कार्ड सगळीकडे घेत नाहीत. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

तरीही बाटलीबंद पाणी घेतलेच, तर पावती पाहावी. तीत २५ सेंट वेगळे लावलेले दिसतात; ती बाटलीची अनामत, येथील भाषेत फांड. स्वस्त दुकानांत अनेकदा पाण्यापेक्षा बाटलीच महाग पडते! रिकामी बाटली न चुरगाळता सुपरमार्केटमधल्या यंत्राच्या गोल तोंडात घालावी. यंत्र ती फिरवून शिक्का वाचते आणि आत ओढून घेते. शेवटी बटण दाबले की चिठ्ठी येते, आणि तेवढी रक्कम गल्ल्यावर बिलातून वजा होते किंवा रोख मिळते. बाटली नेणे शक्य नसेल, तर ती कचराकुंडीत न टाकता कुंडीशेजारी उभी ठेवण्याची येथे रीत आहे. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारे लोक ती घेऊन जातात.

राहता राहिला रविवार. मुख्य रेल्वे स्थानकासारख्या मोजक्या जागा सोडल्या, तर त्या दिवशी सुपरमार्केट उघडत नाही, आणि कोपऱ्यावरच्या श्पेटीत, म्हणजे उशिरापर्यंत चालणाऱ्या लहान दुकानात, तीच वस्तू बरीच महाग मिळते. त्यामुळे शनिवारी सायंकाळीच दही, पाव आणि फळे आणून ठेवावीत, आणि जाताना आठवडाभर साठलेल्या बाटल्या पिशवीत भरून न्याव्यात.