पेटीला चिकटपट्टी लावण्याआधी: दुरुस्तीसाठी वस्तू कुरिअरने पाठवताना

कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गावात नसलं की लॅपटॉप, मोबाइल, कॅमेरा, आजोबांचं कानाचं यंत्र, सगळं कुरिअरनेच पाठवावं लागतं. पुण्या-मुंबईतला माणूस काउंटरवर उभा राहून वाद घालू शकतो. गेवराई, अहेरी किंवा कणकवलीच्या माणसाकडे फक्त फोन आणि कागद असतात. वस्तू एकदा गेली की ती त्यांच्या ताब्यात, आणि ती जाताना कशी होती हे सिद्ध करण्याची वेळ आपल्यावर. मी तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. वॉरंटीतली यंत्रं कंपनीला पाठवायची असली की लोक माझ्याकडेच येतात, त्यामुळे उदाहरणं बहुतेक लॅपटॉपची आहेत. मोबाइलचं वेगळं काय, ते जिथल्या तिथे सांगतो.

सुरुवात नंबरापासून. कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं इंटरनेटवर टाकून जो पहिला नंबर दिसेल तो लावू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, तक्रार नोंदवून घेतल्यासारखं करतो, मग पाच-दहा रुपये भरायची लिंक पाठवतो किंवा तुमचा स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावतो, आणि खातं रिकामं होतं. कुरिअर कंपन्यांच्या नावानेही हाच प्रकार चालतो. खरा नंबर वस्तूच्या मूळ खोक्यावर असतो, कारण तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल वेष्टनावर छापणं २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. खोकं रद्दीत गेलं असेल तर वॉरंटी कार्ड बघा, तेही नसेल तर कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. फसवणूक झालीच तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं.

तक्रार फोनवर नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. फोन ठेवला की लगेच कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ई-मेल टाका: आज इतक्या वाजता अमुक नावाच्या प्रतिनिधीशी बोलणं झालं, तक्रार क्रमांक हा, यंत्र वॉरंटीत असल्याचं त्यांनी सांगितलं, पिकअपची तारीख ही दिली, यात काही चूक असेल तर कळवा. चार ओळी पुरतात. या चार ओळींसाठी मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे लागतो, कारण कॉल सेंटरला पुढच्या वेळी नवा आवाज येतो आणि आधीचा काय बोलला याची ‘सिस्टममध्ये नोंद नाही’ असं उत्तर मिळतं. ती नोंद तुमच्या मेलमध्ये असली की बोलणं पुढे सरकतं. व्हॉट्सॲपवर किंवा कंपनीच्या चॅटमध्ये बोलणं झालं असेल तर खिडकी बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

बिघाडाचं वर्णन हा या सगळ्या तयारीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ‘लॅपटॉप चालत नाही’ एवढंच लिहिलं तर तिकडचा माणूस बटण दाबतो, यंत्र सुरू होतं, तो ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारतो आणि आठवड्यांनी तीच पेटी तुमच्या दारात येते. असं लिहा: ‘चार्जर लावून सुरू केल्यावर साधारण वीस मिनिटांनी पडदा काळा होतो, पंखा चालूच राहतो, कीबोर्डचा दिवाही लागलेला असतो. पॉवरचं बटण दाबून धरून बंद केल्यावर पुन्हा सुरू होतो. झाकण अर्धं मिटलं की हे लवकर होतं.’ शेवटचं वाक्य वाचून जाणता तंत्रज्ञ आधी बिजागरीजवळची डिस्प्लेची केबल तपासेल. कधी होणारा, कधी न होणारा बिघाड असेल तर त्याचा व्हिडिओ काढा आणि तक्रारीच्या मेलला जोडा. हे वर्णन छापून किंवा सुवाच्य अक्षरात लिहून पेटीत यंत्राच्या अंगावरच ठेवा, वर तक्रार क्रमांक आणि तुमचा फोन. कॉल सेंटरमध्ये नोंदवलेलं टेबलावरच्या माणसापर्यंत पोहोचेल असं गृहीत धरू नका.

बिलाची मूळ प्रत पाठवू नका, फोटोकॉपी पाठवा. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या साइटवरून जीएसटीचं बिल आत्ताच उतरवून ठेवा. बिलावरचा सिरीयल नंबर आणि यंत्राच्या पाठीवरचा नंबर जुळतो का, हे पाहायला विसरू नका. पाठीवरचं स्टिकर दोन-तीन वर्षांत घासून पुसट होतं, तेव्हा तेही आजच टिपून ठेवा. मोबाइल असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारे दोन्ही आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख-नंबर, लिहून ठेवा. पार्सल वाटेत गहाळ झालं तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तो फोन बंद करता येतो, आणि तिथे हेच नंबर लागतात.

आता फोटो. चारही कोपरे, बिजागऱ्या, झाकणाची वरची बाजू, खालची बाजू स्क्रूंसकट, सगळी पोर्ट्स, आणि यंत्र सुरू होत असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पेटलेला स्क्रीन. हे सगळं उजेडात. कारण वॉरंटी नाकारताना जी दोन कारणं सर्रास पुढे येतात, ती म्हणजे ‘फिजिकल डॅमेज’ आणि ‘लिक्विड डॅमेज’. बऱ्याच मोबाइलमध्ये सिमच्या खाचेत एक बारीकशी पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. सिमचा ट्रे काढा, टॉर्च मारा आणि पट्टी दिसत असेल तर तिचा फोटो घ्या. जाताना पांढरी असल्याचा पुरावा असेल तर नंतरच्या लाल पट्टीचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. फोटोंच्या मूळ फायली जपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते आणि तिच्यातून काढल्याची तारीख-वेळ निघून गेलेली असते.

मग आतला मजकूर. त्याची जबाबदारी कुठलीच कंपनी घेत नाही आणि जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर यंत्र घेताना बनवतं त्या कागदावर, तसं छापलेलंच असतं, म्हणून बॅकअप आपणच घ्यायचा. मदरबोर्ड, म्हणजे यंत्राचा मुख्य सर्किट बोर्ड, मेलेला असेल आणि बॅकअप घेताच येत नसेल तर तेही लिहून कळवा: ‘डिस्क माझ्या लेखी परवानगीशिवाय बदलू किंवा पुसू नये.’ लॅपटॉप सुरू होत असेल तर स्वतःचा पासवर्ड देण्याऐवजी त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडा. विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या मजकुराचं कुलूप, आपोआप सुरू झालेलं असतं. मदरबोर्ड बदलला तर ते ४८ अंकी ‘रिकव्हरी की’, म्हणजे कुलूप उघडण्याचा आकडा, मागतं, आणि ती नसेल तर यंत्र दुरुस्त होऊनही आतलं काही मिळत नाही. ती ‘की’ सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. यंत्र पाठवण्याआधी ती शोधून कागदावर उतरवा. मोबाइलमधून बँकेची आणि यूपीआयची ॲप्स काढून टाका. फोन पूर्ण पुसून पाठवणार असाल तर आधी गुगल खातं किंवा आयफोनवरचं ‘फाइंड माय’ बंद करा, नाहीतर फोन तिथे कुलूपबंदच राहील आणि काम अडून पडेल. सिम, मेमरी कार्ड, कव्हर, माउसचा इवलासा डोंगल, सगळं काढून घ्या. चार्जर मागितला असेल तरच पाठवा आणि त्याचाही नंबर टिपा.

बांधणीत कंजुषी नको. मूळ खोकं आणि त्याचा थर्माकोल असेल तर उत्तम, पण ते तसंच न पाठवता बाहेरून आणखी एक जाड खोकं घाला, दोन्हींच्या मध्ये सगळ्या बाजूंनी दोन बोटं बबल रॅप येईल असं. हलवून बघा, आत काही सरकायला नको. पावसाळ्यात यंत्र आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि वरच्या पत्त्यावर पारदर्शक टेप ओढा, नाहीतर गोदामात पोचेपर्यंत शाईचा ओघळ होतो. बांधणीचा सलग व्हिडिओ काढा: सिरीयल नंबर, यंत्र खोक्यात, चिट्ठी, टेप, पत्ता. कापाकापी न करता एकच.

बॅटरीचं मात्र सांभाळा. लिथियम बॅटरी विमानाच्या मालवाहतुकीत धोकादायक माल धरली जाते. यंत्राच्या आत बसवलेली चालते, सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक कुरिअरवाले नाकारू शकतात, आणि फुगलेली बॅटरी तर पाठवायचीच नाही. लॅपटॉपचा टचपॅड उचलला गेला असेल किंवा खालचं झाकण एका बाजूला फाकलं असेल तर बॅटरी फुगली आहे असं समजा, चार्जिंग थांबवा, कंपनीला फोटोसह कळवा आणि माणूस पाठवा असा आग्रह धरा. ही भीड बाळगण्याची जागा नाही, आगीचा प्रश्न आहे.

पिकअप कंपनीचा असेल तर पावती घेतल्याशिवाय पेटी हातची सोडू नका. ‘मेसेज येईल’ यावर भागवू नका. निदान डॉकेट नंबर, म्हणजे कुरिअरचा पार्सल क्रमांक, पेटीवर चिकटवलेला दिसू द्या आणि त्याचा फोटो घ्या. पण कितीतरी गावांना ‘तुमचा पिनकोड सर्व्हिसेबल नाही’ हे उत्तर मिळतं. मला या उत्तराचा मनापासून राग येतो. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा अंकांची पद्धत पत्र अचूक गावी पोहोचावं म्हणून होती. ज्या गावात वस्तू विकली, पोहोचवली, तिथून ती परत उचलायला कंपनीला जमू नये हे मला पटत नाही, आणि तसं मेलमध्ये स्पष्ट लिहावं. पाठवण्याचा खर्च कंपनी परत देणार का, हेही त्याच मेलमध्ये विचारा आणि पावती जपा.

स्वतः पाठवताना कुरिअरच्या पावतीची मागची बाजू वाचा. माल गहाळ झाला तर भरपाई अमुक रुपयांपुरतीच, असं बारीक अक्षरात असतं आणि ती रक्कम वस्तूच्या किमतीच्या जवळपासही नसते. पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावरची अशी मर्यादा त्याच्यावर बंधनकारक ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच म्हटलं आहे. म्हणून किंमत जाहीर करा आणि विमा घ्या. पोस्टानेही पाठवता येतं, तिथेही विम्याची सोय आहे. पावतीवर ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू’ असं मोघम न लिहिता ‘वापरलेला लॅपटॉप, दुरुस्तीसाठी’ असं लिहून घ्या.

पेटी पोहोचली की त्याच दिवशी जॉबशीटची प्रत मेलवर मागा. तिच्यावर बाह्य स्थितीचा रकाना असतो, तो वाचा. तिथे ‘ओरखडे, डेंट’ असं भरलेलं असेल आणि तुमच्या फोटोत तसं नसेल, तर तेव्हाच हरकत घ्या, महिन्याने नाही. वॉरंटी नाकारून एस्टिमेट पाठवलं तर नाकारण्याचं कारण लेखी आणि फोटोसकट मागा, तोवर होकार देऊ नका. दुरुस्ती न करताच परत मागितलं तर तपासणी शुल्क किती, हेही विचारा. ‘पार्ट पेंडिंग’ असेल तर कुठला पार्ट आणि कधी येणार ते विचारा. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: काम पूर्ण झाल्याचा ओटीपी, ज्याला बऱ्याच कंपन्यांत ‘हॅपी कोड’ म्हणतात, तो यंत्र हातात येऊन तपासून होईपर्यंत कुणालाही द्यायचा नाही. फोनवरचा माणूस काकुळतीला येतो, ‘टार्गेट आहे सर, देऊन टाका’ म्हणतो. त्याच्याशी सौजन्याने बोला, त्याचीही नोकरी आहे, पण कोड देऊ नका. तो दिला की तक्रार त्यांच्या दप्तरी बंद होते आणि पुढचा फोन नवी तक्रार ठरतो.

दिलेल्या तारखा उलटत राहिल्या तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर जाते आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच यंत्र हलतं. नाही हललं तर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला नोटीस पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टानेच, पोचपावतीसह. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या शहरी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मसुदा जमत नसेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना गाठा. वर सांगितलेले मेल, फोटो, जॉबशीट तारखेप्रमाणे लावले की तक्रार जवळजवळ लिहून झालेलीच असते.

परत आलेली पेटी पुन्हा व्हिडिओ काढत उघडा. खोकं दबलेलं किंवा टेप बदललेली दिसली तर सही करण्याआधी पावतीवर तसा शेरा लिहा. मग घाई न करता तपासा: जुना बिघाड ज्या परिस्थितीत होत होता ती परिस्थिती मुद्दाम आणा, त्यानंतर कॅमेरा, माइक, सगळी पोर्ट्स, झाकणाचे सगळे स्क्रू. बदललेल्या भागाचं नाव आणि त्याची वॉरंटी किती दिवसांची, ते कागदावर लेखी घ्या, पैसे भरले असतील तर जीएसटीच्या बिलावर. मदरबोर्ड बदलला असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन सिरीयल नंबर बघा. नव्या बोर्डात तो भरायचा राहून गेलेला असतो, आणि मग पुढच्या वेळी वॉरंटी तपासताना तुमचं यंत्र कंपनीच्या यादीत सापडतच नाही. रकाना रिकामा दिसला तर त्याचा फोटो काढून त्याच तक्रार क्रमांकावर कळवा, आणि नंबर भरून मिळेपर्यंत हॅपी कोड देऊ नका.