अमेरिकेत गेलेल्या पूर्वजाची कबर शोधताना: अर्जाआधीची तयारी

अमेरिकेत मृत्यूची नोंद राज्य ठेवतं. त्यामुळे दाखल्यासाठी अर्ज करण्याआधी राज्य, काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा भाग) आणि मृत्यूचा अंदाजे काळ हाताशी हवा. काळ ठरवायला जनगणना बघा: नाव शेवटचं कुठल्या साली आहे आणि बायको विधवा म्हणून कधी दिसते. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे, म्हणून १८८० ते १९०० मधली वर्षं शहराच्या डिरेक्टरीत, म्हणजे रहिवाशांच्या नावपत्त्यांच्या छापील यादीत चाळा. तिथे बाईच्या नावापुढे 'अमक्याची विधवा' असं छापलेलं सापडतं आणि वीस वर्षांची फट एकदोन वर्षांवर येते.

मग त्या राज्यात तेव्हा नोंदणी होत होती का, ते तपासा. मॅसॅच्युसेट्समध्ये ती १८४१ पासून आहे, पेनसिल्व्हेनियात राज्यपातळीवर १९०६ पासून, जॉर्जियात १९१९ पासून. त्याआधीचं काही असलंच तर काउंटी किंवा शहराच्या दप्तरात. फिलाडेल्फिया शहराच्या नोंदी १८६० पासून आहेत. हे न पाहता राज्याकडे फी भरली, तर हाती 'नोंद नाही' एवढंच उत्तर पडतं.

नावाची सगळी रूपं एका कागदावर लिहून ठेवा: मायदेशातलं, इंग्रजी झालेलं आणि ऐकून चुकीचं लिहिलेलं. योहान, जोवान्नी दोघेही तिथे जॉन होतात. (एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर, अधिकाऱ्यांनी नावं बदलली ही निव्वळ दंतकथा, ते जहाजाची प्रवासी यादी समोर ठेवून काम करत.)

दाखला आला की सगळ्यांची नजर आईबापांच्या नावांवर जाते. पण तीच सर्वांत कच्ची माहिती. ती देणारा जावई किंवा शेजारी असतो, त्याने त्या माणसांना कधी पाहिलेलंही नसतं. त्यापेक्षा खालच्या ओळी वाचा: दफनाची जागा, तारीख, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचं नाव. जागेच्या रकान्यात दुसरंच गाव असेल तर शव बहुधा तिकडे हलवलेलं असतं. दफनाची नोंद त्या गावात शोधा.

दफनभूमीच्या कार्यालयाला 'काही माहिती आहे का' असं मोघम विचारू नका. नाव आणि दफनाची तारीख देऊन त्या प्लॉटचं कार्ड मागा. प्लॉट कोणी विकत घेतला आणि तिथे आणखी कोण पुरलं आहे, हे त्यावरून कळतं. नोंदवहीत नाव असूनही दगड नसणं नेहमीचंच. न्यूयॉर्कमध्ये बेवारस किंवा गरीब माणूस असेल तर हार्ट आयलंड या शहराच्या दफनभूमीच्या बेटाच्या नोंदी बघा, तिथे १८६९ पासून सामूहिक दफनं झाली.

ज्यू थडग्यावरचा हिब्रू मजकूर वाचून घ्याच, त्यात बहुधा वडिलांचं नाव असतं. तारीख दाखल्यापेक्षा एक दिवस पुढची निघाली तर गोंधळू नका: हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आणि मृत्यू रात्री झालेला असू शकतो.