प्रवासाहून परतलेल्या पेशंटचा खोकला: नव्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी

परदेशातून परतलेला, ताप-खोकला असलेला पेशंट आला की नवा रेसिडेंट लगेच तपासण्यांचे फॉर्म भरायला घेतो. पेशंटला मास्क देऊन वेगळ्या खोलीत बसवा, आणि मग कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढा. कुठे पोहोचला, कधी निघाला, ताप कोणत्या दिवशी चढला, सगळं तारखेनिशी त्या रेघेवर मांडा. माझ्या यादीतली निम्म्याहून जास्त संभाव्य निदानं तिथेच बाद होतात. फ्लू १ ते ४ दिवसांत दिसतो. परतून तीन आठवड्यांनी सुरू झालेला ताप प्रवासातल्या फ्लूचा नव्हे. मर्ससाठी (एका कोरोनाव्हायरसचा श्वसनाचा आजार) २ ते १४ दिवस धरा, त्यातही अरबी द्वीपकल्प आणि उंटांचा संपर्क विचारा. टीबी मात्र कितीही महिन्यांनी उगवतो.

मलेरियाच्या भागातून आला असेल, तर खोकला कितीही ठळक असो, रक्ताचा स्मिअर आणि मलेरियाची रॅपिड टेस्ट त्याच दिवशी. यात तडजोड नाही. फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारातही खोकला असू शकतो.

‘कुठे गेला होतात?’ एवढ्यावर थांबू नका, ‘तिथे काय काय केलंत?’ हे विचारा. एका तरुणाला ताप, कोरडा खोकला, अंगावर पित्त उठलेलं. रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत किंवा कृमींमुळे वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले. साध्या न्यूमोनियात हे बसत नव्हतं. खोदून विचारल्यावर कळलं, महिन्याभरापूर्वी तो आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात पोहला होता. कातायामा ताप, म्हणजे शिस्टोसोमियासिसची (गोड्या पाण्यातून त्वचेवाटे शिरणाऱ्या कृमींच्या आजाराची) सुरुवात. या टप्प्यावर शौचात कृमींची अंडी अनेकदा सापडत नाहीत, अँटिबॉडीही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून संशय धरून ठेवायचा आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची. फुप्फुसात शिरणाऱ्या बुरशींचंही तसंच: वटवाघळांची गुहा म्हटलं की हिस्टोप्लाझ्मा, ॲरिझोनाची धूळ म्हटलं की कॉक्सिडिऑइड्स.

हॉटेलातला शॉवर किंवा हॉट टब असेल तर लिजनेला, म्हणजे पाण्याच्या तुषारांतून न्यूमोनिया देणारा जंतू. त्याची लघवीची अँटिजेन टेस्ट मुख्यतः सेरोग्रुप १ हा त्याचा एकच प्रकार पकडते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून विषय मिटत नाही. थुंकीची पीसीआर आणि कल्चर पाठवा.

थायलंड किंवा उत्तर ऑस्ट्रेलियातून आलेल्या मधुमेही पेशंटला न्यूमोनिया असेल, तर मेलिऑइडोसिस (माती-पाण्यातल्या जंतूचा संसर्ग) मनात ठेवा आणि नमुना पाठवण्याआधी मायक्रोबायोलॉजीला स्वतः फोन करा. हा जंतू स्युडोमोनास समजून बाजूला टाकला जाऊ शकतो, शिवाय उघड्या टेबलावर प्लेट हाताळणाऱ्या टेक्निशियनलाही त्याचा धोका असतो.