संत्र्याच्या कलमाचा डोळा मातीत जाऊ देऊ नका

मृगाच्या दोन सरी पडल्या की विदर्भाच्या संत्रापट्ट्यात, वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत, रोपवाटिकांसमोर गाड्यांची रांग लागते. कलम आणलं, खड्ड्यात ठेवलं, पायानं माती दाबली, झालं. दोन-तीन वर्षांनी पोळ्याच्या सुमारास तोच कास्तकार पिवळी पडलेली फांदी घेऊन येतो. "बुडातून डिंक सुटला भाऊ, काय मारू?" मी आधी एकच विचारतो, डोळा कुठं आहे? तो झाडाजवळ बसून माती उकरायला लागतो. उकरावं लागलं, म्हणजे उत्तर मिळालंच.

डोळा म्हणजे जंबेरीच्या, म्हणजे काटेरी आंबट लिंबाच्या खुंटावर संत्रा बांधलेली ती गाठ. ती ओल्या मातीला लागून राहिली की फायटोफ्थोरा नावाची बुरशी सालीत शिरते, साल कुजते, डिंक येतो. ही बुरशी साचलेल्या पाण्यात पोहत झाडापर्यंत येते, त्यामुळे जुलैची आठ दिवसांची झड म्हणजे तिची जत्राच. आणि डोळा कोणी मुद्दाम पुरत नाही. खड्डा जमिनीच्या बरोबरीनं भरलेला असतो, पहिल्या झडीत भुसभुशीत माती चार बोटं बसते आणि कलम तिच्यासोबत खाली जातं. मग डवरणीची, म्हणजे ओळीतल्या कोळपणीची माती बुडाशी येते. मग आळं करताना आपणच प्रेमानं आणखी दोन फावडी ओढतो. गाठ गेली.

म्हणून खड्डा भरताना जमिनीच्या वर वीतभर ढीग ठेवा आणि दोन-तीन चांगले पाऊस त्यावर पडू द्या. माती बसली की मगच लावा. शेजाऱ्याची लागवड झाली म्हणून घाई करू नका. माझा तर अंदाज असा की झड उघडल्यावर, ऑगस्टात लावलेलं कलम जूनच्या पहिल्या पाण्यात लावलेल्याला दुसऱ्या वर्षी गाठतं. हे कुठल्या पुस्तकात नाही, वावरात पाहिलेलं आहे.

कलम विकत घेतानाही नजर तिथंच. डोळा पिशवीतल्या मातीपासून 20 ते 25 सेंटीमीटर उंच हवा. बोटभर उंचीवर बांधलेलं कलम फुकट दिलं तरी आणू नका. एक पिशवी फाडून मुळ्या पाहा. बारीक मुळीची साल चिमटीत सरकून नुसता दोरा उरला, तर ती रोपं आधीच सडकी आहेत, रोपवाटिका कितीही नावाजलेली असो.

भारी काळ्या जमिनीचं वेगळं. एक रिकामा खड्डा पाण्यानं भरून पाहा. सकाळी त्यात पाणी दिसलं तर सपाट लागवड नकोच. दीड-दोन फूट उंच गादी ओढा, तिच्यावर लावा आणि उताराच्या दिशेनं चर काढून पाणी धुऱ्याबाहेर, म्हणजे बांधापलीकडे जाऊ द्या. ज्या वावरात खाली चुनखडीचा थर लागतो, तिथं संत्र्याचा नादच सोडा.

बाकीची कामं नेहमीचीच:

- अंतर 6 बाय 6 मीटर, हेक्टरी 277 झाडं
- खड्डा अडीच फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यात उन्हात तापवलेला
- कुजलेलं शेणखत 20 किलो, निंबोळी पेंड 1 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी)
- प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढणे (हसू नका, जुनं झाड उपटल्यावर खाली पिशवी सापडलेली आहे)
- बांबूचा आधार, सैल बांधणी
- आंतरपीक सोयाबीन, मूग, हरभरा. पाणी झाडाच्या बुडाला न लावता दुहेरी आळ्यातून (आतलं आळं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात)
- उन्हाळ्यात तुराट्यांचा आडोसा

डोळ्याखालून फुटवे आले तर हातानं मोडा. डोळा मेला, खालून जंबेरी जोमानं फुटली आणि घरचे म्हणाले काय तरारलं झाड, असं मी एकदाच नाही, अनेकदा पाहिलं. चार वर्षांनी काटे आणि आंबट फळ.

कृषी केंद्रात गेलात की मुळी वाढवायची पुडी, नवे फुटवे आणायचं टॉनिक, ह्युमिकची बाटली असा संच पुढं येतो. झाड पिवळं दिसतं ते उपाशी असल्यानं नाही, बुड कुजल्यानं. कुजक्या मुळीला टॉनिक पाजून काय होणार? त्या पैशात मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) आणि कळीचा चुना आणा. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा. विळ्याचं पातं बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी टाका. त्याच दिवशी वापरा. मोठ्या झाडाच्या खोडाला तीन फुटांपर्यंत पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर, लहान कलमाला डोळ्याच्या वर-खाली नीट.

डिंक दिसलाच तर धारदार चाकूनं कुजलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडा, खरवडलेलं गोळा करून जाळा, वर मोरचूद-चुन्याची पेस्ट. मग मेटॅलॅक्झिल एम अधिक मॅन्कोझेब 2.75 ग्रॅम किंवा फोसेटिल ए एल 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाणी, यातलं एक बुरशीनाशक घेऊन बुडाशी आळवणी (द्रावण मातीत ओतणं) आणि फवारणी. रसायनाच्या आठवड्यात ट्रायकोडर्मा टाकू नका, पैसे पाण्यात.

आता या वर्षी लावलेल्यांचं. पहिली झड उघडली की चहा घेण्याआधी ओळीतून फिरा. ज्या कलमाची गाठ मातीच्या वर वीतभर दिसत नाही, तिथं थांबा. लागवडीला महिना झाला नसेल तर मातीच्या गोळ्यासकट उचलून खाली माती भरा. महिना उलटला असेल तर उचलू नका, मुळ्या तुटतील. बुडाची माती हातानं ओढून गाठ उघडी करा आणि तिथं पाणी साचणार नाही असा उतार बाहेरच्या बाजूला द्या. फावडं वापरू नका, साल सोलली जाते.