शिडाच्या नौकेवरचे बिऱ्हाड जमिनीवर कसे हलवावे

शिडाच्या नौकेवर अनेक वर्षे राहिलेल्यांना घर मिळवण्यापेक्षा घरात रुळणे अवघड जाते. म्हणून पहिले वर्षभर कोणताही कायमचा निर्णय घेऊ नये.

सुरुवात शरीरापासून होते. मेंदूला लाटांच्या हालचालीची सवय झालेली असल्यामुळे उतरल्यावर जमीन डोलते आहे असे वाटते, आणि डोळे मिटून तोंड धुताना तर तोलच जातो. अशा वेळी एक हात भिंतीला टेकवावा. बहुतेकांचा हा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो. महिना उलटूनही तो राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे आणि चालत्या मोटारीत बरे वाटत असेल, तर तेही आवर्जून सांगावे, कारण या विकाराची ती महत्त्वाची खूण आहे.

त्यानंतर भाड्याचे घर घ्यावे, शक्यतो पाण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कायमचा पत्ता, विमा, बँक आणि वाहन परवाना ही कामे लगोलग उरकावीत.

नौका मात्र घाईने विकू नये. परवडत असेल, तर ती किनाऱ्यावर ओढून ठेवावी. शिडे उतरवून गोड्या पाण्याने धुवावीत, पूर्ण वाळवूनच घडी घालावी आणि इंजिनातले तेल बदलावे. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या नौकेतून 312 दिवसांची फेरी पुरी करून 1969 मध्ये इंग्लंडला परतले, तर त्याच शर्यतीतले फ्रेंच दर्यावर्दी बर्नार्ड मोइतेसिए परतायचे सोडून प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाकडे वळले; ओढ दोन्हीकडची असते, हे जाणूनच निर्णय घ्यावा.

झोप उशिरा जुळते. दोघांच्या नौकेवर पहाऱ्याच्या तीन-चार तासांच्या पाळ्या असतात, आणि नांगर टाकलेला असतानाही वारा फिरला की जाग येते. घरात वादळी रात्री जाग आली, तर झोपेशी झगडण्याऐवजी उठून दारे-खिडक्या पाहून यावे. शरीराला ती फेरी पूर्ण झालेली हवी असते.

सर्वांत कठीण जाते ते रिकामपण. नौकेवर पंप, दोर, बॅटरी, हवामान यांची काळजी घेण्यातच दिवस सरतो आणि आपल्यावाचून काही चालत नाही. जमिनीवर तशी जबाबदारी मुद्दाम शोधावी लागते, तेव्हा जवळच्या नौकानयन क्लबमध्ये मुलांना दोराच्या गाठी आणि वाऱ्याचा अंदाज शिकवण्याचे काम मागून घ्यावे, आणि ते पहिल्याच महिन्यात सुरू करावे.