मूल पडलं की लगेच धावायचं नाही, पण लांबही जायचं नाही

एकदा मुलीच्या दप्तराच्या तळाशी चुरगळलेला पेपर सापडला, गणितात 20 पैकी 7. मी लगेच सुरूच झाले, अगं सांगितलं का नाहीस, उद्या टीचरना भेटते, क्लास लावूया का, सगळं एका दमात. ती फक्त एवढंच म्हणाली, "म्हणूनच नाही सांगितलं." बसले गप्प. मी काही एक्स्पर्ट नाहीये, चुकत चुकत जे जमलं ते लिहितेय.

मूल रडत किंवा चिडून घरी आलं की पहिली दहा मिनिटं सल्ला बंद. "एवढं काय त्यात" हेसुद्धा नाही. त्याला काय वाटतंय तेवढंच बोलायचं, "सगळ्यांसमोर झालं म्हणून जास्त लागलं ना?" आणि पाणी द्यायचं. रडू आवरल्याशिवाय डोकं चालत नाही, आपलं तरी कुठे चालतं.

मग विचारायचं, "आता काय करूया असं वाटतंय तुला?" आणि थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड, कारण आपल्या तोंडात उत्तर तयार असतं. मी दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा ती म्हणाली मला गणित येतच नाही. म्हटलं बघू तरी कुठे गेले मार्क, आणि दोघी पेपर घेऊन बसलो. गेलेल्या 13 पैकी 4 मार्क नुसते आकडा चुकीचा उतरवल्यामुळे गेलेले, बाकी 9 अपूर्णांकांच्या वजाबाकीत, छेद वेगळे असले तरी ही बाई वरचा आकडा वरच्यातून आणि खालचा खालच्यातून वजा करत होती! म्हणजे "गणित येत नाही" असं नव्हतंच, एक गोष्ट येत नव्हती. टीचरना तिनेच जाऊन विचारलं, फक्त काय बोलायचं ते आदल्या रात्री माझ्यासमोर दोनदा बोलून बघितलं. पुढच्या टेस्टला 11 मिळाले. फार नाहीत, पण पेपर स्वतःहून दाखवला.

कौतुकाचंही तसंच. 1998 मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग छापून आले, ज्या मुलांना "हुशार आहेस" म्हटलं ती नंतर सोपं तेच निवडायला लागली आणि अवघड आल्यावर लवकर खचली, मेहनतीचं कौतुक झालेली मुलं जास्त टिकली. म्हणून "हुशार गं माझी" ऐवजी "तिसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीने करून बघितलंस ना" असं म्हणायचं. सवय लागायला वेळ लागतो, माझ्या तोंडून अजून "हुशार" निघतंच.

वही विसरली, प्रोजेक्ट राहिला, तर प्रत्येक वेळी धावत शाळेत नेऊन द्यायची नाही. अगदी लहान असेल तर द्या हो, एवढंही कडक नको. पण दहा वर्षांच्या मुलाने एकदा बोलणी खाल्ली तर काही होत नाही, रात्री दप्तर भरायची आठवण त्यातूनच राहते.

आणि सगळं आपणच करायला हवं असंही नाही. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी मोठेपणापर्यंत अभ्यास केला, त्यात घरची परिस्थिती फार वाईट असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं छान मार्गी लागली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे जीव लावणारं निदान एक तरी मोठं माणूस. आईवडीलच असं नाही, आजी, शेजारी, टीचर कोणीही. तेव्हा मूल एखाद्या मामाकडे किंवा सरांकडे मोकळं होत असेल तर जळू नका, होऊ द्या.

आता एक महत्त्वाचं. कुणी रोज मारतंय, धमकावतंय, ग्रुपमधून मुद्दाम बाहेर काढून हसतंय, तर तिथे "तूच सोडव" म्हणायचं नाही. ते एकट्या मुलाने सोसायचं काम नाही. काय झालं, कधी झालं, कोण होतं हे तारखेसकट लिहून ठेवा आणि शाळेला लेखी द्या, तोंडी सांगितलेलं विरून जातं. शाळेच्या दिवशीच पोट दुखतंय, झोप उडालीये, आवडता खेळही नको झालाय आणि हे दोन आठवडे चाललंय, तर डॉक्टर किंवा काउन्सेलरकडे जा. आणि "मला जगायचंच नाही" असं काही बोललं तर दोन आठवडे नाही, त्याच दिवशी.